निकालपत्राच्या अलीकडे-पलीकडे : भगतसिंग थिंद खटल्याचे दप्तर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध भगतसिंग थिंद’ या खटल्यात असा निर्णय दिला की, हिंदुस्थानातून आलेली व्यक्ती अमेरिकी नागरिकत्व कायद्यातील ‘गोरी व्यक्ती’ या वर्गात बसत नाही. या खटल्यावरील लेखनात ‘त्या दिवशी न्यायालयाने थिंद यांचे नागरिकत्व रद्द केले’ अशा अर्थाचे वाक्य वारंवार आढळते. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी तसा आदेश दिलेला नव्हता. खालच्या न्यायालयाने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर त्याने दिले होते, आणि दाखला रद्द करण्याचा हुकूमनामा त्या उत्तराला धरून खाली, मूळ दाव्यात व्हायचा होता. जो अभ्यासक छापील निकालपत्रावर थांबतो त्याच्या हा फरक लक्षात येत नाही. जो डॉकेटपर्यंत जातो त्याला तो टाळताच येत नाही. जुन्या खटल्याचा शोध कसा घ्यावा, हे दाखवण्यासाठी म्हणूनच हे प्रकरण निवडले आहे.

डॉकेट म्हणजे न्यायालयाच्या कारकुनाने प्रत्येक दाव्यासाठी ठेवलेली तारीखवार नोंद. आपल्याकडच्या न्यायालयांतील दावा-नोंदवही आणि रोजनामा यांचे काम त्यात एकत्र येते. वरच्या भागात दाव्याचा क्रमांक, पक्षकार आणि त्यांचे वकील असतात. त्याखाली एकेका ओळीत काय दाखल झाले, सुनावणी केव्हा झाली, कोणता आदेश निघाला, याची नोंद असते. त्यात कारणे दिलेली नसतात आणि युक्तिवादही नसतो. निकालपत्र नेमके याच्या उलट असते. त्यात कारणांचा विस्तार असतो, पण दाव्याची वाटचाल दोन-तीन वाक्यांत आटोपलेली असते, आणि ती वाक्ये लिहिणाऱ्या न्यायमूर्तींना पुढे शंभर वर्षांनी कोणी इतिहास शोधत बसेल याची फिकीर असण्याचे कारण नव्हते.

प्रथम थोडक्यात हकीकत. थिंद यांचा जन्म १८९२चा, पंजाबातला. १९१३ मध्ये ते अमेरिकेत गेले, ऑरेगनमधील लाकडाच्या गिरण्यांत त्यांनी काम केले आणि १९१८ मध्ये ते अमेरिकी सैन्यात भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुईस येथे असताना ९ डिसेंबर १९१८ रोजी त्यांना नागरिकत्वाचा दाखला मिळाला आणि चारच दिवसांत तो रद्दही झाला. मे १९१९ मध्ये त्यांनी शेजारच्या ऑरेगन राज्यात पुन्हा अर्ज केला. तेथील संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हरटन यांनी नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी परीक्षकाचा विरोध बाजूला ठेवून १९२० मध्ये तो मंजूर केला. सरकार मागे हटले नाही, आणि प्रकरण अखेर सर्वोच्च न्यायालयात पोचले. तेथे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी सरकारच्या बाजूने मत नोंदवले. त्याच न्यायमूर्तींनी अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, १३ नोव्हेंबर १९२२ रोजी, ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराच्या खटल्यात ‘गोरी व्यक्ती’ म्हणजे कॉकेशियन वंशाची व्यक्ती, असा अर्थ लावला होता. थिंद यांनी त्याच अर्थाचा आधार घेताच वंशशास्त्र बाजूला पडले आणि सामान्य माणसाची समजूत हा निकष पुढे आला. हा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

शोधाची सुरुवात सर्वांत वरच्या कागदापासून करावी आणि पायरी-पायरीने खाली उतरावे, हे माझे मत आहे. वरचा कागद शोधायला सोपा असतो आणि खालच्या न्यायालयाचा धागा त्याच्याच मजकुरात सापडतो. थिंद खटल्याचे निकालपत्र ‘यू. एस. रिपोर्ट्स’ या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांच्या मालिकेच्या २६१व्या खंडात पृष्ठ २०४ पासून छापले आहे. त्याच्या शीर्षभागातून चार गोष्टी टिपून घ्यायच्या: न्यायालयातील क्रमांक २०२, युक्तिवादाच्या तारखा ११ व १२ जानेवारी १९२३, निकालाची तारीख, आणि प्रकरण कोणत्या मार्गाने वर आले याची ओळ. चौथी गोष्ट वाचक सहसा ओलांडून जातात, पण या खटल्यात तीच सर्वांत मोलाची आहे. क्रमांकाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाचे क्रमांक त्या काळी प्रत्येक सत्रात नव्याने सुरू होत. नुसता ‘क्रमांक २०२’ निरर्थक आहे. ‘ऑक्टोबर सत्र १९२२, क्रमांक २०२’ असे लिहिले तरच तो एका खटल्याकडे नेतो.

मार्गाच्या ओळीत ‘नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाकडून प्रमाणित प्रश्न’ असा उल्लेख आहे. सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक अपील-विभाग; ऑरेगन नवव्या सर्किटमध्ये येते. त्या काळी अपील न्यायालयाला एखादा कायदेशीर प्रश्न स्वतः न सोडवता थेट सर्वोच्च न्यायालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवता येत असे. नवव्या सर्किटने दोन प्रश्न पाठवले. अमृतसरमध्ये जन्मलेला उच्चवर्णीय हिंदू ही कायद्याच्या अर्थाने गोरी व्यक्ती आहे का, हा पहिला. १९१७च्या स्थलांतर कायद्याने ज्यांना प्रवेशबंदी झाली, पण जे त्यापूर्वी कायदेशीरपणे देशात आले होते, अशांना नागरिकत्व मिळवण्यासही तो कायदा अपात्र ठरवतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आल्यामुळे दुसऱ्याला हात लावावाच लागला नाही.

संशोधकाच्या दृष्टीने या मार्गाचे दोन परिणाम होतात. नवव्या सर्किटने गुणदोषांवर आधी निकालच दिला नसल्यामुळे तो ‘फेडरल रिपोर्टर’ या खालच्या संघीय न्यायालयांच्या निकालपत्रांच्या छापील मालिकेत शोधणे व्यर्थ आहे. डेटाबेसमध्ये काही सापडले नाही म्हणजे डेटाबेस अपुरा, असा तर्क येथे चुकीचा ठरतो. दुसरे असे की, प्रमाणित प्रश्नांबरोबर संपूर्ण अभिलेख वर जात नाही. तथ्यांचे संक्षिप्त निवेदन आणि प्रश्न तेवढे जातात. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयातील या खटल्याची नस्ती नेहमीच्या अपिलाच्या तुलनेत सडपातळ असणे स्वाभाविक आहे, आणि मूळ अर्ज, हरकती व साक्षीचे कागद यांसाठी ऑरेगनकडेच वळावे लागते. सर्वांत प्रतिष्ठित न्यायालयाचे दप्तर सर्वांत समृद्ध असेल ही समजूत पुष्कळ खटल्यांत खरी ठरत नाही. येथे तर ती मुळीच लागू पडत नाही.

आता खालची पायरी. सदरलँड यांच्या निकालपत्रात पूर्वेतिहास असा दिला आहे: जिल्हा न्यायालयाने परीक्षकाच्या विरोधाला न जुमानता दाखला दिला, मग सरकारने तो रद्द करण्यासाठी इक्विटीचा (नुकसानभरपाईऐवजी न्यायालयाकडून आदेश मागणारा) दावा लावला, जिल्हा न्यायालयाने प्रतिवादीच्या अर्जावरून तो दावा काढून टाकला, त्यावर अपील झाले. दावा काढून टाकल्याच्या उल्लेखापाशी ‘२६८ फेडरल रिपोर्टर, पृष्ठ ६८३’ असा संदर्भ जोडलेला आहे. तो खंड उघडला की शीर्षक दिसते ते ‘इन री भगतसिंग थिंद’. ‘इन री’ हे शीर्षक एकाच पक्षकाराच्या अर्जाला असते. सरकार वादी असलेल्या दाव्याला ते लागत नाही. मजकूर वाचला की खात्री पटते, कारण वुल्व्हरटन तेथे थिंद यांच्या नागरिकत्वाच्या अर्जाचाच विचार करत आहेत: अर्जदाराची पार्श्वभूमी, गदर चळवळीशी असलेला संबंध, सैन्यातील सेवा, आणि अन्य न्यायाधीशांनी हिंदी अर्जदारांना दिलेले अनुकूल निर्णय. म्हणजे छापील अहवाल पहिल्या प्रकरणाचा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो दुसऱ्या प्रकरणाच्या नावावर टाकला आहे. दावा फेटाळताना न्यायाधीशांची कारणे तीच होती, एवढाच त्याचा आशय असणार. पण जो हा संदर्भ शब्दशः घेईल तो दोन कार्यवाह्या एक समजून बसेल आणि दोहोंपैकी एक नस्ती कधीच मागणार नाही.

दोन कार्यवाह्या मुळात का झाल्या, याचेही उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे. नागरिकत्वाच्या अर्जावरील आदेशाविरुद्ध सरळ अपील करता येते की नाही, हा प्रश्न तेव्हा वादाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल १९२६ मध्ये, ‘टुटुन’ खटल्यात, अपील करता येते असा लावला. १९०६च्या नागरिकत्व कायद्याच्या १५व्या कलमाने मात्र बेकायदा मिळालेला दाखला रद्द करून घेण्यासाठी स्वतंत्र दावा लावण्याची तरतूद सरकारी वकिलांना आधीच दिलेली होती. सरकारने तो रस्ता धरला, आणि त्यामुळे एकाच न्यायालयात एकाच माणसाच्या नावाने दोन नोंदवह्यांत दोन क्रमांक पडले.

संघीय जिल्हा न्यायालयांचे जुने दप्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘रेकॉर्ड ग्रुप २१’ या वर्गात ठेवलेले असते. ऑरेगनचे दप्तर सिअॅटल येथील शाखेत आहे. (ही इमारत विकून दप्तर दूरच्या शाखांत हलवण्याचा निर्णय सरकारने घेतला होता, आणि तीव्र विरोधानंतर तो २०२१ मध्ये मागे घेतला गेला.) अपील न्यायालयांसाठी ‘रेकॉर्ड ग्रुप २७६’ आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ‘रेकॉर्ड ग्रुप २६७’ हे वर्ग आहेत. अभिलेखपालाला पत्र लिहिताना वर्ग, न्यायालय, नोंदवहीचा प्रकार आणि अंदाजे वर्ष एवढे दिले तरी काम पुढे सरकते. ‘थिंद खटल्याची कागदपत्रे हवी आहेत’ एवढेच लिहिले तर उत्तरादाखल बहुधा प्रश्नच येतात.

नोंदवहीच्या प्रकारावर भर देण्याचे कारण असे. १९३८ मध्ये संघीय दिवाणी प्रक्रियेचे नवे नियम येईपर्यंत कायद्याचे दावे आणि इक्विटीचे दावे वेगळे चालत आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जात. फौजदारी, सागरी आणि दिवाळखोरीची प्रकरणे आणखी निराळी असत. नागरिकत्वाचे अर्ज तर स्वतंत्र छापील नमुन्यांवर घेऊन स्वतंत्र खंडांत बांधले जात. थिंद यांचा अर्ज अशा खंडात शोधायचा आणि सरकारचा दावा इक्विटीच्या डॉकेटमध्ये. दाव्यासाठी अनुक्रमणिका पाहताना वादींच्या यादीत वेळ घालवू नये, कारण तेथे ‘युनायटेड स्टेट्स’ या एकाच नावाखाली पानेच्या पाने असतात. प्रतिवादींच्या यादीत ‘थिंद’ पाहावे, न मिळाल्यास ‘सिंग’ पाहावे. पंजाबी नावातील शेवटचा शब्द आडनाव धरायचा की नाही, याचा निर्णय ज्या-त्या कारकुनाने आपल्या मनाने केलेला असतो.

इक्विटी डॉकेटचे पान उघडल्यावर काय शोधायचे, तेही पाहू. दावा दाखल झाल्याची नोंद पहिली. त्यानंतर प्रतिवादीला समन्स, त्याचा दावा काढून टाकण्याविषयीचा अर्ज, त्यावर सुनावणी, आणि दावा फेटाळल्याचा हुकूमनामा. पुढे अपिलाची परवानगी, अपीलकर्त्याने दाखवलेल्या निकालातील चुकांची यादी आणि वरच्या न्यायालयात पाठवलेल्या अभिलेखाची नोंद येते. खासगी अपीलकर्त्याच्या पानावर येथे जामीनखताची ओळ हमखास असते. सरकार अपीलकर्ता असेल तर नसते, म्हणून ती न दिसल्यास पान फाटले किंवा नोंद राहिली असे समजू नये. यानंतर मोठा खंड पडतो. तेवढ्या काळात प्रकरण सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन डी. सी. येथे असते आणि खालच्या पानावर काहीच लिहिले जात नाही. मग वरून आलेला आदेश नोंदवला जातो, आणि त्याखाली अंतिम हुकूमनामा. थिंद यांचा दाखला कोणत्या दिवशी रद्द झाला, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर ती शेवटची ओळ आहे. १९ फेब्रुवारी १९२३ ही तारीख तिच्या जागी वापरू नये.

ऑनलाइन साधनांकडे आता वळतो, कारण पुष्कळांचा शोध तेथेच सुरू होतो आणि दुर्दैवाने तेथेच संपतो. संघीय न्यायालयांची ‘पेसर’ ही यंत्रणा डॉकेटसाठी प्रसिद्ध आहे, पण ती संगणकयुगातील खटल्यांसाठी आहे. १९२०च्या दाव्यासाठी तिचा उपयोग नाही. छापील निकालपत्रांसाठी हार्वर्ड विधी ग्रंथालयाचा ‘केसलॉ अॅक्सेस प्रोजेक्ट’ उत्तम आहे. सुमारे ६७ लाख निकालपत्रे त्यात खुली आहेत आणि ‘फेडरल रिपोर्टर’चे जुने खंडही मिळतात. मात्र तेथे मिळते ते निकालपत्र, डॉकेट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचे डॉकेट मायक्रोफिल्मवर ‘एम २१६’ या क्रमांकाखाली १७९१ ते १९५० या काळासाठी उपलब्ध आहे. त्याच न्यायालयाच्या संकेतस्थळावर जुन्या ‘जर्नल’चे खंड आहेत, ज्यांत रोजच्या कामकाजाची नोंद असते, ११ आणि १२ जानेवारी १९२३ची पाने काढून निकालपत्रावरील तारखा पडताळून पाहणे काही मिनिटांचे काम आहे. नवव्या सर्किटचे छापील अभिलेख आणि वकिलांची टिपणे मोठ्या संख्येने इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, पण एका खंडात अनेक खटले बांधलेले असल्याने खंडाच्या नावावरून खटला सापडेलच असे नाही; आतील मजकुरात शोधावे लागते.

मजकुरात शोधताना यंत्राने वाचलेल्या अक्षरांचा भरवसा धरू नये. इंग्रजी लिपीत ‘थिंद’मधील ‘एन’ धूसर छपाईत ‘आर’ वाचला गेला की त्याचा ‘थर्ड’, म्हणजे ‘तिसरा’, होतो, आणि तो शब्द त्या खंडाच्या प्रत्येक पानावर असतो. अशा वेळी नाव सोडून ‘वुल्व्हरटन’, ‘हाय कास्ट हिंदू’, ‘अमृतसर’ असे शब्द जोडीने टाकावेत. वर्तमानपत्रांसाठी हाच उपाय करावा लागतो. थिंद शीख होते, तरी त्या काळची अमेरिकी पत्रे आणि न्यायालये हिंदुस्थानातील प्रत्येकाला ‘हिंदू’ म्हणत. ‘शीख’ या शब्दाने शोध घेतला तर महत्त्वाच्या बातम्या निसटतात. ‘मॉर्निंग ऑरेगोनियन’चे अंक ऑरेगन विद्यापीठाच्या वृत्तपत्र संग्रहात १९२२ पर्यंत खुले आहेत. सुनावणीच्या तारखेनंतरच्या दोन-तीन दिवसांचे अंक चाळावेत. बातमीला पुरावा मानू नये. कोणत्या नोंदवहीत पाहायचे याची खूण म्हणून मात्र ती उपयोगी पडते. डॉकेटमध्ये ‘युक्तिवाद ऐकला’ एवढेच असते, कोण काय म्हणाले ते नसते, आणि ती उणीव कधी कधी बातमी भरून काढते.

या दोन नस्तींखेरीज एक तिसरी आणि एक चौथी नस्ती आहे. तिसरी १९१८ची, वॉशिंग्टन राज्यातील. ती ऑरेगनच्या दप्तरात शोधून उपयोग नाही. चौथी १९३६ची, न्यूयॉर्कमधील: पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा बजावलेल्या आशियाई सैनिकांना वाव देणारा कायदा काँग्रेसने १९३५ मध्ये केला आणि त्याखाली थिंद यांना अखेर नागरिकत्व मिळाले. याशिवाय २७ सप्टेंबर १९०६ नंतरच्या प्रत्येक नागरिकत्व दाखल्याची प्रत केंद्र सरकारकडे जात असे, आणि १ एप्रिल १९५६ पूर्वीच्या या ‘सी-फाइल’ आता नागरिकत्व व स्थलांतर सेवेच्या वंशावळ विभागाकडे शुल्क भरून मागता येतात. न्यायालयाचे दप्तर आणि सरकारी खात्याचे दप्तर यांत तफावत दिसली तर आदेशाच्या तारखेबाबत न्यायालयाचे आणि सरकारच्या हेतूबाबत खात्याचे ग्राह्य धरावे, असे मला वाटते. परीक्षकांची अंतर्गत पत्रे न्यायालयापुढे जात नसत.

सर्वोच्च न्यायालयात थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे होते. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाने, म्हणजे राज्याच्या न्यायालयाने, त्यांना नागरिकत्व दिले होते. त्या काळी हा अधिकार राज्यांच्या न्यायालयांनाही असे, आणि त्यांचे दप्तर संघीय अभिलेखागारात नव्हे तर मुळात काउंटीकडे, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाकडे, असते. थिंद निकालानंतर सरकारने जे दाखले रद्द करण्यासाठी दावे लावले त्यांत पंडित यांचाही होता. जिल्हा न्यायालयात सरकार हरले आणि नवव्या सर्किटने १९२६ मध्ये तो निर्णय कायम केला. तो ‘फेडरल रिपोर्टर, दुसरी मालिका’च्या १५व्या खंडात पृष्ठ २८५ वर आहे. पंडित गोरे आहेत असे न्यायालयाने म्हटलेले नाही. १९१४ मध्ये सरकारने त्या अर्जाला हरकत घेतली होती, तिचा निकाल लागला होता, आणि त्याविरुद्ध सरकार वर गेले नव्हते. तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही, एवढ्यावर तो खटला सुटला. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. एका काउंटी न्यायालयाच्या कारकुनाने तेरा वर्षांपूर्वी केलेल्या नोंदींमुळे पंडित यांचे नागरिकत्व टिकले.